पागोळी



यंदा पावसाने आम्हा लोणावळेकरांनासुद्धा बेसावध गाठले. आमच्याकडे पावसाचा हिशेब ठरलेला. मृग सात-आठ जूनला लागतो. त्याआधी पंधरा दिवस माणूस छपरावर चढवायचा, फुटकी कौले बदलायची, पत्र्याचे ढिले नट आवळायचे, सरपण आत घ्यायचे, मसाले-पापड डब्यांत बंद करायचे. पण २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो तिथे आल्याची नोंद याआधी नाही. मुंबईत आलेल्या पावसाला घाट चढायला असा कितीसा वेळ लागतो! आमचे निम्मे सरपण अंगणातच भिजले.

त्या पहिल्या पावसाच्या रात्री मला जाग आली. पावसाच्या आवाजाने जाग यायला आम्ही काही पाहुणे नाही. आवाज बदलला होता, म्हणून जाग आली. पत्र्यावरचा ताशा तोच होता. पण मोठ्या सरीत पन्हळीवरून उसळलेले पाणी मागच्या बोळात पडायचे, तेव्हा ते दोन भिंतींमध्ये घुमायचे. आता पलीकडची भिंत नाही. पाणी उघड्या चिखलात पचपच पडत होते. बायकोही जागीच होती. म्हणाली, "वहिनींचं घर गेलं आणि पाऊससुद्धा परका वाटायला लागला." मी उत्तर दिले नाही.

त्या घराची गोष्ट मी या सदरात कधी लिहिली नाही. शेजाऱ्याच्या हक्कांवर मात्र लिहिले आहे. जुन्या वाचकांना कदाचित आठवत असेल. सूरह निसामध्ये नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलेपणाने वागायला सांगितले आहे, हे मी त्यात मांडले होते. जिब्रईल (अ.) शेजाऱ्याबद्दल इतकी वारंवार ताकीद देत राहिले की, आता शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळतो की काय, असे पैगंबर (स.) यांना वाटू लागले, ती हदीसही सांगितली होती. लेख बरा झाला असावा. चार-पाच पत्रे आली. एका भगिनीने लिहिले, 'तुमच्या शेजाऱ्यांचा हेवा वाटतो.' ते पत्र मी घरात कोणाला दाखवले नाही. कारण त्या वेळी माझे आणि माझ्या शेजाऱ्याचे बोलणे बंद होते. एक-दोन महिने नव्हे, कित्येक वर्षे.

आमची गल्ली गवळीवाड्याजवळची. दोन घरांच्या पुढच्या खोल्यांना मिळून एकच भिंत, आणि मागे स्वयंपाकघरांच्या मधे दोन हात रुंदीचा बोळ. अलीकडे आम्ही, पलीकडे रेल्वेवाले. मरहूम अब्बा शिंपी. आठ महिने कपडे शिवायचे आणि चार महिने छत्र्या दुरुस्त करायचे. आमच्या गावात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात सातशे-साडेसातशे. मधे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. अब्बा म्हणत, "कामशेतच्या पुढे दुकान टाकलं तर उपाशी मरेन."

पलीकडच्या घराचे वडील, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणे, रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांचे आजोबाही रेल्वेतच. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली, तिच्याबरोबर जी कुटुंबे गावात आली त्यांतले हे एक. आज ज्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला शनिवार-रविवारी अर्धी मुंबई लोटते, ते धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले, हे आम्हा पोरांना दादांनीच सांगितले. गाडीचा नुसता आवाज ऐकून, कर्जतपासून मागे लागलेली रेट्याची इंजिने लोणावळ्याला सुटली की नाही, हे ते अंथरुणातून सांगत.

दादांचा मुलगा माझा दोस्त. एकच शाळा, एकच वर्ग, आणि पावसाळ्यात बऱ्याचदा एकच छत्री. शिंप्याच्या घरात धड छत्री नसते.

पहाटपाळी असली की दादा साडेतीनला उठत. रमजानमध्ये ड्युटीवर निघण्यापूर्वी ते मधल्या भिंतीवर काठीने तीन ठोके देत. अम्मी आतून भांडे वाजवून पोच देई. मग आमच्या घरात सहरीची गडबड सुरू होई. पुढे त्यांची पाळी बदलली तरी रमजानमध्ये ठोके चुकले नाहीत. मावशी, म्हणजे दोस्ताची आई, कुरकुरत, "ह्यांचा रोजा नाही, पण झोपेचा उपास आहे." मी पहिला रोजा धरला तो १९६६ च्या डिसेंबरात, नऊ वर्षांचा असताना. थंडीतला रोजा, साडेबारा तासांच्या आतला. तरी दुपारी तीनला मी मावशींच्या ओट्यावर रडत बसलो होतो. त्यांनी पाणी दिले नाही, खायला दिले नाही. समोर तांदळाचे सूप ठेवले आणि म्हणाल्या, "खडे वेच. वेळ जातो." मगरिबपर्यंत मी खडे वेचले.

दोस्ताला तेव्हा एक कोडे पडे. त्याची दिवाळी दरवर्षी पावसानंतरच येते, मग आमची ईद अशी पळते का? अब्बांनी एकदा दुरुस्तीची उघडी छत्री हातात धरली, तिच्या काड्यांवर बोट ठेवले आणि छत्री गोल फिरवली. "काड्या म्हणजे ऋतू, बोट म्हणजे रमजान," एवढेच बोलून ते परत मशीनवर बसले. बाकीचा हिशेब आम्ही मोठे झाल्यावर केला. चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५. दरसाल अकरा दिवसांचा फरक पडतो. शेजाऱ्यांच्या पंचांगात तो साठत गेला की अधिक महिना घालतात, जसा २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. त्यामुळे सण ऋतू सोडत नाही. इस्लामपूर्व अरबही महिने मागेपुढे करत. सूरह तौबाने ती पद्धत बंद केली आणि वर्षाचे बारा महिने कायम केले. म्हणून रमजान फिरतो, आणि सुमारे तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो.

तरुणपणी हे नुसते गणित वाटले. आता अडुसष्टाव्या वर्षी ते वेगळे दिसते. माणसाला अशा दोन फेऱ्या मिळतात. तिसरी पुरी करणारे थोडे. माझा पहिला रोजा डिसेंबरातला, माझ्या मुलीचाही पहिला रोजा डिसेंबरातला, १९९९ चा. मधे एक फेरी होऊन गेली होती.

पावसातले रमजान मी दोनदा पाहिले. पहिल्यांदा १९७९ ते १९८३ च्या सुमारास. जून-जुलैचा रोजा साडेचौदा तासांचा. पण लोणावळ्याच्या पावसात तहान लागत नाही, त्रास होतो तो ओलीचा. कपडे वाळत नाहीत. शेगडीवर पालथी टोपली ठेवून त्यावर अब्बांचा नमाजचा कुर्ता वाळवायचा, आणि आमचा कोळसा संपला की तो कुर्ता बोळातून मावशींच्या टोपलीवर जायचा. परत येताना त्याला त्यांच्या फोडणीचा वास असायचा. अब्बा तोच घालून तरावीहला जात. पावसाच्या आवाजात अजान ऐकू येत नसे, वीज गेलेली असे; अशा वेळी दादांच्या ठोक्यांवरच आमची सहरी. आणि चंद्र? दोन-दोन महिने सूर्य न दिसणाऱ्या गावात चंद्र कुठला दिसायचा? ढग असतील तर तीस दिवस पुरे करावेत, ही पैगंबर (स.) यांची शिकवण लोणावळ्याला फार उपयोगी पडते. नाहीतर बाहेरगावहून साक्ष येईपर्यंत आम्ही दोन्ही घरे दादांच्या रेडिओभोवती बसलेलो असायचो. रेडिओ त्यांचा, ईद आमची.

एक गोष्ट मावशींमुळे माझ्या लक्षात आली. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण आकाश त्यांना कळे. त्या म्हणत, "तुमचा ईदचा चांद म्हणजे आमची बीजेची कोर." खरेच आहे. दोन्ही पंचांगांचे महिने चंद्राचेच, म्हणून ईद नेहमी त्यांच्या कुठल्यातरी महिन्याच्या बीजेच्या आगेमागे पडते. आणि फिरत फिरत रमजान कधी आश्विनाशी जुळला, की ईद नेमकी भाऊबीजेला येऊन भिडते. आमच्या आयुष्यात तसे आधी १९७२ आणि १९७३ मध्ये झाले. बहात्तरचे साल दुष्काळाचे. देशावर हाल होते, रेशनवर लाल मिलो मिळे. त्या वर्षी आमच्याकडे शिरखुर्म्याला शेवया होत्या, साखर नव्हती. मावशींच्या घरी करंज्यांसाठी ठेवलेली थोडी साखर होती. करंज्या झाल्या नाहीत. भाऊबीजेला मावशींनी मला आणि दोस्ताला एकाच पाटावर बसवून त्याच्या बहिणीकडून ओवाळले आणि मग सगळ्यांनी शिरखुर्मा खाल्ला. पंधरा वर्षांच्या मुलांना यात विशेष काही वाटले नाही. आम्हाला जास्त खायला मिळाले नाही, याचेच दुःख होते.

ही जुळणी परत आली २००४, २००५ आणि २००६ अशी लागोपाठ तीन वर्षे. २००४ मध्ये अब्बा आणि दादा दोघेही नव्हते. पण मावशी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. दिवाळीनंतर दोन दिवसांनी त्यांनी ओट्यावरून कोर दाखवली, आणि म्हणाल्या, "बघा, फिरून आली." पुढच्या वर्षी परत असेच करू, असे आम्ही ठरवले.

२००५ च्या मे महिन्यात मी घरावरची कौले काढून पत्रे घातले. कौले दरवर्षी शाकारायला माणूस मिळेना, माकडांचा त्रास वेगळा. काम करणाऱ्याने मागच्या बाजूला पत्रा हातभर पुढे काढला, आमची भिंत कोरडी राहावी म्हणून. पूर्वी कौलांची पागोळी बोळाच्या मधोमध पडे. आता ती सरळ पलीकडच्या भिंतीच्या पायावर पडू लागली. त्या कारागिराने मला सांगितले होते, "पन्हळ लावून घ्या, हजार-बाराशेचं काम आहे." मी म्हणालो, पुढच्या पगाराला बघू. जूनमध्ये दोस्त एकदा सहज म्हणाला, "अरे, पाणी आमच्या भिंतीला लागतंय." मी म्हणालो, "हो, करतो." जुलैतही तो एकदा बोलला. मी तेच म्हणालो.

२६ जुलै २००५ सगळ्यांना आठवते ते मुंबईमुळे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडेही आभाळ फाटले होते. त्या रात्री त्यांच्या मागच्या खोलीची भिंत बसली. जुनी मातीची भिंत, तिचा पाया महिनाभर माझ्या पागोळीने भिजत होता. मावशींची खाट त्याच खोलीत. अल्लाहचा रहम, भिंत बाहेरच्या बाजूला, बोळात पडली. पण म्हातारी रात्रभर भिजली. दुसऱ्या दिवशी, मी चिखल उपसायला गेलो तेव्हा, दोस्त माझ्याकडे नुसता बघत राहिला. तो काही बोलायच्या आत मीच बोललो, "मातीची भिंत होती रे. पत्रे नसते तरी पडली असती."

तो म्हणाला, "बरं."

पुढची वीस वर्षे तेवढाच त्याचा शब्द. मावशींना त्याच्या बहिणीकडे कामशेतला नेले, कारण घरात कोरडी जागा नव्हती. त्या परत आल्या नाहीत. त्याच डिसेंबरात कामशेतलाच गेल्या. मी गेलो, मागे उभा राहिलो, आणि कोणाशी न बोलता लोकलने परत आलो. पुढच्या मे महिन्यात मी पन्हळ लावली. चांगली जाड पत्र्याची.

घरे मात्र बंद झाली नाहीत, हे सांगायला हवे. पुढच्या दाराने आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता जात-येत होतो आणि मागच्या दाराने बायकांचा व्यवहार पूर्वीसारखा चालू होता. बोळातून शिरखुर्मा जायचा, पुरणपोळी यायची. मुलांची लग्ने, बाळंतपणे, दुखणी, सगळे त्या दोन हातांच्या बोळातून. मी घरात विचारायचो नाही, ती सांगायची नाही. २००५ ची ईद-भाऊबीज गेली. २००६ ची गेली. पुढची जुळणी आहे २०३७ मध्ये. तेव्हा मी ऐंशीचा असेन, म्हणजे असलो तर.

मधे पावसातले रमजान दुसऱ्यांदा येऊन गेले, २०१२ ते २०१६ च्या आसपास. मोबाइलचा अलार्म असतो, ठोक्यांची गरज नव्हती. तरी साडेतीनला जाग आली की मी त्या भिंतीकडे बघत पडायचो. माणूस मशिदीत बसून माफीची दुआ मागतो आणि माफी ज्याच्याकडे मागायची तो चार इंच विटांच्या पलीकडे झोपलेला असतो. मी हे समजत होतो. समजून काही केले नाही. पहिल्या वर्षी लाज होती, पाचव्या वर्षी सवय झाली आणि दहाव्या वर्षी, आता कुठल्या तोंडाने जायचे, असे झाले.

३० मार्च २०२५. गुढीपाडवा, आणि आमचा एकोणतिसावा रोजा. असरनंतर मी ओट्यावर बसलो होतो. दोस्त आला, हातात प्लास्टिकची पिशवी. उभ्यानेच म्हणाला, "सही पाहिजे होती."

घर विकायचे ठरले होते. मुलाने चिंचवडकडे फ्लॅट घेतला होता. दोघांनाही गुडघ्यांचा त्रास, आणि आमच्या गल्लीचे आता काय राहिले आहे? शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेमुळे दवाखान्यात पोहोचता येत नाही. एकामागून एक घर जाऊन तिथे बंगले होतायत, ज्यांच्यात वर्षातले चाळीस दिवस दिवा लागतो. घेणाऱ्याला जागेची मोजणी आणि सामाईक भिंतीबद्दल लगतधारकाची, म्हणजे माझी, संमती हवी होती. तो समेटासाठी आला नव्हता, कागदासाठी आला होता. हे मी स्पष्ट लिहितो, नाहीतर वाचक भलते समजतील.

मी म्हणालो, "बस. वाचून बघतो." चष्मा आत होता, पण मी उठलो नाही. तो बसला. आम्ही दोघे रस्त्याकडे बघत होतो. बायको बाहेर आली, त्याला बघून थबकली, आत गेली. मगरिबची अजान झाली तेव्हा तिने खजूर आणि पाणी आणले, एकाच ताटात दोघांसाठी. तो माझ्यासाठी थांबला, मी खजूर तोंडात घातल्यावर त्याने घेतला, लहानपणी थांबायचा तसाच. गल्लीतली पोरे ओरडली. चांद दिसला होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "बीज उद्या आहे." मग कागद ठेवून गेला.

मी सही केली नाही. दहा दिवस तो कागद कपाटावर पडून होता. वाचायचे काही नव्हते, दोन पानांचा मजकूर. अखेर बायको चिडली. "वीस वर्षं तो इथे होता तेव्हा तुम्हाला दिसला नाही. आता निघालाय तर अडवून धरताय?" तिने पेन आणून दिले. मी सही केली. पण सही तालुक्याच्या कचेरीत समक्ष करायची असते, असे निघाले. म्हणून एप्रिलच्या मध्यात आम्ही दोघे सकाळच्या लोकलने वडगावला निघालो.

ही लोकल १९७८ मध्ये सुरू झाली. नवी असताना आम्ही दोघे कामाशिवाय तिच्यातून पुण्याला जाऊन आलो होतो. आता समोरासमोर खिडकीत बसलो. मळवलीला उजवीकडे लोहगड-विसापूर आले, दोघांनी बघितले. शेते कोरडी, नुसते धसकट. तो म्हणाला, बहीण अजून इंद्रायणी लावते, घरचा तांदूळ तिच्याकडूनच येतो. मी म्हणालो, इंद्रायणी आपल्या वडगावच्या संशोधन केंद्रातच तयार झाली, १९८७ मध्ये. तो म्हणाला, माहीत आहे. असे बोलणे चालले होते. वीस वर्षांनंतर माणसे काय बोलतात, तर तांदळाचे बोलतात.

कामशेत आले. गाडी थांबली. मी फलाटाकडे बघत म्हणालो, "पन्हळ मी मेमध्येच लावायला पाहिजे होती. तू दोनदा सांगितलं होतंस."

तो बराच वेळ गप्प. गाडी सुटली. मग म्हणाला, "तीनदा." आणि थोड्या वेळाने, "भिंत जुनी होती, तेही खरंच आहे. पण तू त्या दिवशी ते बोलायला नको होतंस."

"नको होतं," मी म्हणालो.

कान्हे येईपर्यंत कोणीच बोलले नाही. मग त्याने जे सांगितले ते मला माहीत नव्हते. २००५ च्या ईदला माझ्या बायकोने मागच्या दाराने दिलेला शिरखुर्मा वहिनींनी घरी खाल्ला नाही. स्टीलच्या डब्यात भरून त्या भाऊबीजेसाठी कामशेतला घेऊन गेल्या. मावशींचे तेव्हा खाणे जवळजवळ सुटले होते. त्यांनी विचारले, "छत्रीवाल्याकडचा का?" हो म्हटल्यावर दोन चमचे घेतले. नंतर मुलाला म्हणाल्या, "त्याला सांग, साखर कमी पडली."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"बोलणं बंद होतं ना," तो म्हणाला.

आम्ही दोघे हसलो, आणि मग मला खिडकीकडे तोंड करावे लागले. समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलीने मला पाण्याची बाटली दिली. तिला वाटले, म्हाताऱ्याला ठसका लागला.

कचेरीतले काम अर्ध्या तासाचे, बसणे तीन तासांचे. परतीच्या लोकलमध्ये दोस्त झोपला. मी त्याला लोणावळ्याला उठवले.

त्यानंतर त्याचे घर सुटायला महिनाभर लागला. त्या महिन्यात तो रोज असरनंतर ओट्यावर येऊन बसे. आम्ही फार बोललो असे नाही. गेलेल्यांची मोजदाद केली. वर्गातले चाळीस, त्यांतले आता गावात सहा. दादांची काठी त्याने मला दिली. मी म्हणालो, तुला नको? तो म्हणाला, सातव्या मजल्यावर कुठल्या भिंतीवर ठोकू? मे संपता संपता सामान गेले, दुसऱ्याच दिवशी यंत्र आले, आणि दुपारपर्यंत घर जमिनीवर होते. सामाईक भिंत तेवढी ठेवली आहे. तिच्या पलीकडच्या बाजूला अजून त्यांच्या खोलीचा निळा रंग दिसतो आणि देवघराचा कोनाडा. पावसाने ती भिंत भिजू नये म्हणून मी तिच्यावर ताडपत्री टाकली आहे. या वेळी उशीर केला नाही.

तो फोन करतो. पहिला प्रश्न, "किती पडला?" तिकडे वरून पाऊस दिसतो पण ऐकू येत नाही, असे त्याचे म्हणणे. जुलैत मी एकदा जाऊन आलो. मोहरमच्या रोजाचा दिवस होता. वहिनी रागावल्या की जेवणाच्या वेळी येऊन जेवत नाही. परत जायचे ठरले आहे.

आता अडले आहे ते एका गोष्टीवर. घर आवरताना लक्षात आले की वहिनींच्या तीन वाट्या आणि एक झाकणाचे पातेले आमच्याकडे राहिले आहे, आणि आमचा एक काचेचा वाडगा त्यांच्या सामानात चिंचवडला गेला आहे. शेजारच्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही आमच्या अम्मींची सक्त ताकीद. वाट्यांत लाडू जातील. पातेल्याचे काय करायचे, हे बायको ठरवू शकत नाही. लोकलच्या गर्दीत सांडणार नाही आणि वहिनींच्या साखरेच्या पथ्यात बसेल, असे काहीतरी हवे. वाचक भगिनींनी सुचवावे.